बंदी संपली, पुढे काय? डोपिंगच्या शिक्षेनंतर परतणाऱ्या टेनिसपटूंबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात माझं मेडिकल आहे, आणि सकाळी सहा ते साडेसात मी घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या कोर्टवर डबल्स खेळतो. औषधवाला आणि टेनिसवाला असा दोन्ही एकच माणूस सापडल्यावर लोक सोडतात का? कोर्टाबाहेरच्या बाकावर, दुकानाच्या काउंटरवर, एकदा तर लग्नाच्या पंगतीतही मला हे प्रश्न विचारले गेलेत. दर वेळी तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवलेलं बरं.

२०२५ च्या विम्बल्डनचे दोन्ही एकेरी विजेते डोपिंगची बंदी भोगून आले होते, हे खरं आहे का?

खरं आहे. महिलांत इगा श्वियांतेक, पुरुषांत यानिक सिनर. इगाची एक महिन्याची बंदी डिसेंबर २०२४ मध्ये संपली आणि सिनरची तीन महिन्यांची ४ मे २०२५ ला. इगानं अंतिम सामना ६-०, ६-० असा घेतला. सिनरनं अल्कराझला चार सेटमध्ये हरवलं. आमच्या ग्रुपमधल्या एकाने त्या रविवारी रात्री मला फक्त एवढंच पाठवलं, ‘मग आता काय, सगळेच चोर?’ खालची बरीचशी उत्तरं त्यालाच दिलेली आहेत.

डोपिंगमध्ये सापडलं की कायमची बंदी नसते का?

नसते. मुद्दाम घेतलं असं ठरलं तर साधारण चार वर्षं. मुद्दाम नाही पण हलगर्जी झाली, तर दोन वर्षांपर्यंत. एखाद्या दूषित औषधातून किंवा सप्लिमेंटमधून नकळत गेलं आणि तसं सिद्ध करता आलं, तर नुसत्या समजेपासून दोन वर्षांपर्यंत काहीही होऊ शकतं.

म्हणजे अंगात काय सापडलं हा निम्माच भाग. ते आत कसं आलं हे खेळाडूला दाखवता येतं का, यावर बाकीचं ठरतं.

पण नकळत गेलं तर त्याचा दोष कसा?

नियम कडक आहे: तुझ्या शरीरात जे सापडलं त्याचा जाब तूच द्यायचा. डॉक्टरने दिलं, आईने दिलं, फिजिओच्या हाताला लागलं होतं, या सगळ्यानं शिक्षा कमी होईल, पण गुन्हा पुसला जाणार नाही. सुरुवातीला मलाही हे अन्यायाचं वाटायचं. मग लक्षात आलं की नियम सैल केला तर प्रत्येक जण ‘मला माहीतच नव्हतं’ म्हणेल आणि ते खोडायची जबाबदारी चाचणी करणाऱ्यांवर पडेल. एकही केस टिकणार नाही.

मात्र हल्ली प्रयोगशाळा इतकं बारीक पकडतात की अक्कल गुंग होते. मार्च २०२४ मध्ये इंडियन वेल्सला सिनरच्या पहिल्या नमुन्यात क्लोस्टेबोल हे स्टेरॉइड सापडलं, दर मिलिलिटरला ८६ पिकोग्रॅम. एका ग्रॅमचे एक लाख कोटी तुकडे करा. त्यातला एक तुकडा म्हणजे एक पिकोग्रॅम. फिजिओचं बोट कापलं होतं, त्यावर त्याने इटलीत काउंटरवर मिळणारा जखमेचा स्प्रे मारला आणि हातमोजे न घालता सिनरला मसाज केला. स्प्रेत क्लोस्टेबोल होतं.

इगाची गोष्ट मला जास्त जवळची वाटते, कारण तिच्या नमुन्यात सापडलेलं ट्रायमेटाझिडीन माझ्या दुकानातून रोज जातं. छातीत दुखणारे आजोबा महिन्याच्या पट्ट्या एकदम नेतात. तिनं घेतली होती झोपेची मेलाटोनिनची गोळी, पोलंडमध्ये तयार झालेली, तिथे रीतसर औषध म्हणून विकली जाणारी. त्या गोळीत ट्रायमेटाझिडीनचा अंश मिसळलेला निघाला.

शारापोव्हाचं नेमकं काय झालं होतं? तीही ‘नकळत’ म्हणाली होती ना?

हे जरा निवांत सांगतो, कारण बंदी भोगून परतणं म्हटलं की आजही पहिलं नाव मारिया शारापोव्हाचंच निघतं.

मेल्डोनियम हे हृदयाचं औषध लॅटव्हियात तयार होतं. ती ते २००६ पासून घेत होती, डॉक्टरांच्या सांगण्यावरून. १ जानेवारी २०१६ ला ते बंदी असलेल्या पदार्थांच्या यादीत आलं. २६ जानेवारीला ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये तिचा नमुना घेतला गेला. ७ मार्चला लॉस एंजेलिसमध्ये पत्रकार परिषद घेऊन तिनं स्वतःच जगाला सांगितलं. सगळ्यांना वाटलं होतं की ती निवृत्ती जाहीर करणार.

तिचं म्हणणं असं की मी हे औषध मिल्ड्रोनेट या नावाने ओळखत होते, मेल्डोनियम हे त्याचंच दुसरं नाव आहे हे मला ठाऊक नव्हतं. नव्या यादीची ईमेल आली होती, पण तिनं ती यादी उघडलीच नव्हती. पुष्कळांनी यावर हसून घेतलं. मी हसलो नाही. माझ्या काउंटरवर येणाऱ्या दहांतले नऊ जण गोळीचं ब्रँडचं नाव सांगतात, आतल्या औषधाचं कुणालाच येत नाही. कंपनी बदलून तेच औषध दिलं तरी ‘ही नको, आमची पांढरी द्या’ म्हणतात. तरीपण, माझं गिऱ्हाईक आणि पाच ग्रँड स्लॅम जिंकलेली खेळाडू यांत फरक आहे. तिच्यामागे अख्खा चमू होता. यादी वाचायला एक माणूस ठेवणं तिला जड नव्हतं.

जून २०१६ मध्ये तिला दोन वर्षांची बंदी झाली. ऑक्टोबरमध्ये लोझानच्या क्रीडा लवादाने ती पंधरा महिन्यांवर आणली.

मग ती परतली कधी?

२६ एप्रिल २०१७, जर्मनीत श्टुटगार्टला. स्पर्धा आधीच सुरू झाली होती, आणि शिक्षा संपेपर्यंत तिला आवारात पाऊल टाकायला मनाई होती. त्यामुळे ती आली तीच सामन्याच्या दिवशी. समोर रोबेर्टा विंची होती आणि मारिया ७-५, ६-३ अशी जिंकली. उपांत्य फेरीपर्यंत गेली.

पुढचं मात्र तितकं चमकदार नाही. फ्रेंच ओपनने तिला वाइल्ड कार्ड, म्हणजे क्रमवारी न बघता आयोजकांनी द्यायचा थेट प्रवेश, नाकारलं. त्यांच्या अध्यक्षांचं म्हणणं थोडक्यात असं होतं की दुखापतीतून परतणाऱ्याला वाइल्ड कार्ड देता येईल, डोपिंगमधून परतणाऱ्याला नाही. अमेरिकन ओपनने दिलं आणि तिथे पहिल्याच फेरीत तिनं दुसऱ्या मानांकित रुमानियाच्या सिमोना हालेपला हरवलं. ऑक्टोबरमध्ये तिआनजिनची स्पर्धा जिंकली, अंतिम फेरीत समोर होती एकोणीस वर्षांची अरिना सबालेंका. तीच सबालेंका पुढच्याच महिन्यात आपल्याकडे मुंबई ओपनला सीसीआयवर, म्हणजे क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टवर, खेळली आणि जिंकून गेली. तेव्हा चर्चगेटपर्यंत जायचा आम्ही आळस केला, आणि आता तिचे सामने टीव्हीवर बघून हळहळतो.

शारापोव्हाला त्यानंतर एकही विजेतेपद मिळालं नाही. खांद्यानं दगा दिला. फेब्रुवारी २०२० मध्ये ती निवृत्त झाली. लोक म्हणतात औषध सुटलं म्हणून खेळ गेला. तिचा खांदा २००८ पासूनच शस्त्रक्रिया झालेला होता, हे ते विसरतात.

वाइल्ड कार्ड म्हणजे मागच्या दाराने प्रवेश नव्हे का?

थोडासा आहेच. आयोजकांना तिकिटं खपवायची असतात. मोठं नाव परततंय म्हटल्यावर त्यांना बोलवायचा मोह होणारच. मला स्वतःला फ्रेंच लोकांची भूमिका पटली होती. बंदी संपली म्हणजे खेळायचा हक्क परत मिळाला, आमंत्रणाचा नाही.

नाव मोठं नसेल तर?

तळापासून. जागतिक क्रमवारीतले गुण ५२ आठवड्यांनी गळून जातात. दुखापतीसाठी ‘संरक्षित क्रमवारी’ची सोय आहे, पण डोपिंगच्या बंदीला ती लागू नाही. वर्षभर बाहेर बसलात की क्रमवारीतून नावच गेलं.

ब्रिटनचा डॅन इव्हान्स २०१७ मध्ये कोकेनसाठी एक वर्ष बाहेर होता. परतला तेव्हा क्रमवारीत कुठेच नव्हता. छोट्या छोट्या स्पर्धा खेळत २०२३ मध्ये तो २१ व्या क्रमांकावर गेला, बंदीच्या आधी कधीच नव्हता इतका वर. ब्राझीलची बियाट्रिझ हद्दाद माया दहा महिन्यांनी परतली तेव्हा हजाराच्याही पलीकडे होती, आणि २०२३ च्या फ्रेंच ओपनमध्ये उपांत्य फेरी खेळून पहिल्या दहांत आली. अमेरिकेचा जेन्सन ब्रुक्सबी तर कुठलं औषध घेऊन नव्हे, चाचण्या चुकवल्या म्हणून तेरा महिने बाहेर होता. एप्रिल २०२५ मध्ये ५०७ व्या क्रमांकावरून पात्रता फेरी खेळत त्याने ह्यूस्टनची स्पर्धा जिंकली.

या तळातल्या स्पर्धा कशा असतात हे बघायचं असेल तर लांब जायला नको. आयटीएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या, महिला स्पर्धा नवी मुंबईत झाल्यात, सोलापूरला झाल्यात. प्रेक्षागृहात खेळणाऱ्यांच्या आया, दोन-तीन प्रशिक्षक आणि सावली शोधत आलेला वॉचमन. पहिल्या फेरीत हरल्यावर हातात पडणाऱ्या पैशात हॉटेलचं बिलही निघत नाही. सेंटर कोर्टवर खेळलेल्या माणसाला तिथून पुन्हा चढायचं असतं. टीव्हीवर ‘पुनरागमन’ म्हणून जे दाखवतात त्यात हा भाग नसतो.

बंदीच्या काळात सराव तरी करता येतो का?

घरच्या कोर्टवर, खासगीत, येतो. पण टेनिस संघटनेशी संलग्न क्लबात नाही, अधिकृत स्पर्धेत नाही, प्रदर्शनी सामन्यात नाही, आणि खेळाडू सोडून प्रशिक्षक म्हणूनही नाही. शेवटचे दोन महिने किंवा बंदीचा शेवटचा चौथा हिस्सा, यांतलं जे कमी असेल तेवढ्या काळात अधिकृत ठिकाणी सराव करता येतो. म्हणूनच सिनर ४ मेपर्यंत बाहेर असूनही १३ एप्रिलपासून रीतसर सराव करू शकला. शारापोव्हा या काळात हार्वर्डला जाऊन बिझनेसचा कोर्स करून आली.

सिनरला तीन महिने आणि हालेपला दीड वर्ष. हा कुठला न्याय?

याच प्रश्नासाठी खरं तर मी लिहायला बसलो.

आधी घटना. सिमोना हालेपच्या नमुन्यात ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकन ओपनला रोक्साडुस्टॅट सापडलं. किडनीच्या रुग्णांचं हिमोग्लोबिन वाढवायचं औषध आहे. ऑक्टोबरमध्ये तिला तात्पुरतं निलंबित केलं. सुनावणी लांबत गेली. सप्टेंबर २०२३ मध्ये चार वर्षांची शिक्षा सुनावली. ती लवादाकडे गेली, आणि ५ मार्च २०२४ ला लवादाने मान्य केलं की दूषित सप्लिमेंटमधून आलं असण्याची शक्यता जास्त आहे. शिक्षा नऊ महिन्यांवर आली. पण तोवर ती सतरा महिने बाहेर बसली होती! जादाचे आठ महिने तिला कोण परत देणार? दोन आठवड्यांनी मायामीत ती खेळली, पहिला सेट ६-१ जिंकला आणि पाउला बदोसाकडून हरली. गुडघा, खांदा सगळंच दुखत होतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये मायदेशी, क्लुजला, पहिल्याच फेरीत हरल्यावर तिनं निवृत्ती सांगून टाकली. दोन ग्रँड स्लॅम जिंकलेली बाई. परतल्यानंतर हातावर मोजण्याइतके सामने खेळली.

सिनरचं तात्पुरतं निलंबन काही दिवसांतच उठलं, कारण क्लोस्टेबोल कुठून आलं हे त्याच्या माणसांनी लगेच दाखवलं. स्प्रेची बाटली होती, खरेदी करणारा माणूस होता, बोट कापलेला फिजिओ होता. ऑगस्ट २०२४ मध्ये स्वतंत्र न्यायाधिकरणाने त्याला निर्दोष ठरवलं. मग वाडाने, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने, अपील केलं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये दोघांत समझोता झाला: तीन महिने. ऑस्ट्रेलियन ओपन आणि फ्रेंच ओपन यांच्या मधोमध अगदी मोजून बसवल्यासारखे. एकही ग्रँड स्लॅम बुडाली नाही, पहिला क्रमांकही गेला नाही. खेळाडू चिडले यात नवल नाही.

कागदोपत्री दोन्ही निकालांना कारण आहे. एकाने उगम आठवड्यात सापडवला, दुसरीला महिनोन् महिने लागले. पण उगम सापडवायचा म्हणजे काय करायचं? घेतलेल्या प्रत्येक डब्याचा, गोळीचा, पावडरचा नमुना खासगी प्रयोगशाळेत द्यायचा. त्याच बॅचचा सीलबंद डबा बाजारातून शोधून आणायचा, कारण उघडलेल्या डब्यावर कोण विश्वास ठेवणार? मग तज्ज्ञाचा अहवाल, मग वकील. हे सगळं पैशाचं काम आहे. सिनर दोषी होता असं मी म्हणत नाही. त्याची गोष्ट मला खरी वाटते. पण तीच खरी गोष्ट तीनशेव्या क्रमांकावरच्या खेळाडूची असती तर ती खरी आहे हे आपल्याला कधी कळलंच नसतं.

टारा मूर ही ब्रिटनची दुहेरीची खेळाडू. २०२२ मध्ये बोगोटाला तिच्या नमुन्यात दोन स्टेरॉइड्स निघाली. तिनं मांसातून आल्याचं सांगितलं. एकोणीस महिने निलंबित राहिल्यावर न्यायाधिकरणाने ते मानून तिला सोडलं. आणि जुलै २०२५ मध्ये लवादाने तो निकाल फिरवून चार वर्षं दिली. तिचं खरं की लवादाचं, हे मी इथे बसून ठरवणार नाही. पण तिचं नाव आमच्या कोर्टवर एकालाही माहीत नव्हतं.

जिंकलेले पैसे परत द्यावे लागतात का?

ज्या स्पर्धेत नमुना सापडला तिथले, हो. सिनरचे इंडियन वेल्सचे ३,२५,००० डॉलर आणि ४०० गुण गेले. इगाचे सिनसिनाटीचे १,५८,९४४ डॉलर.

कोकेनसारख्या नशेचं काय? त्यानं खेळ थोडाच सुधारतो?

आता नियम मऊ झालाय. स्पर्धेच्या बाहेर घेतलं आणि खेळासाठी नव्हतं हे पटवलं तर तीन महिने, उपचार घेतले तर एक.

मार्टिना हिंगिसला हे मिळालं नाही. २००७ च्या विम्बल्डनमधल्या तिच्या नमुन्यात कोकेनचा अंश निघाला. अगदी किरकोळ. तिनं घेतल्याचं कायम नाकारलं, पण लढत बसण्यापेक्षा निवृत्त झाली. बंदी झाली दोन वर्षांची. २०१३ मध्ये ती दुहेरीत परतली, आणि पुढचं आपल्या घरचंच आहे: सानिया मिर्झाबरोबर २०१५ चं विम्बल्डन, अमेरिकन ओपन, २०१६ चं ऑस्ट्रेलियन ओपन आणि सलग ४१ सामन्यांत विजय. पेसबरोबर मिश्र दुहेरीत चार ग्रँड स्लॅम. तेव्हा आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पेढे वाटायचेच बाकी होते. हिंगिस बंदी भोगून आली आहे हे एकाच्याही तोंडून निघालं नाही. शारापोव्हाला मात्र आपण ‘ती औषधवाली’ म्हणत राहिलो. आपला माणूस जोडीला असला की स्मरणशक्ती सोयीने चालते.

बाकीचे खेळाडू परतलेल्याला जवळ करतात का?

कॅनडाच्या युजिनी बुशारने शारापोव्हाला जाहीरपणे फसवणारी म्हटलं, तिला परत खेळूच द्यायला नको असंही म्हणाली, आणि मे २०१७ मध्ये माद्रिदला तिला हरवलं. सिनर रोमला परतला तेव्हा स्टेडियम डोक्यावर घेतलं होतं, पण ते त्याच्या मायदेशातलं. त्यानंतर जुलैमध्ये त्याने जुन्या चमूतल्या उंबेर्तो फेरारा या ट्रेनरला पुन्हा बोलावलं. तो स्प्रे विकत घेणारा हाच. मला ते अजिबात कळलं नाही. माझ्या दुकानात ज्या मुलाने चुकीची गोळी दिली त्याला मी दुसऱ्या दिवशी काउंटरवर उभं करणार नाही.

आपल्याकडे असं कोणाच्या बाबतीत झालंय?

टेनिस नाही, क्रिकेट. पृथ्वी शॉ, विरारचा. फेब्रुवारी २०१९ मध्ये इंदूरला सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत नमुना घेतला, त्यात टर्ब्युटालिन निघालं. खोकल्याच्या औषधातून गेलं, हे बीसीसीआयने मान्य केलं. आठ महिन्यांची बंदी झाली, तीही मागच्या तारखेपासून. नोव्हेंबरमध्ये वानखेडेवर परतला आणि पहिल्याच सामन्यात ६३ धावा केल्या.

टर्ब्युटालिन म्हणजे काही परदेशातलं गूढ रसायन नव्हे. गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या कोर्टवर खेळणारा एक पंधरा वर्षांचा मुलगा आईबरोबर दुकानात आला. दोन दिवसांनी पुण्याला राज्य क्रमवारीची स्पर्धा, आणि पोरगं बोलताना सुद्धा खोकत होतं. आईनं पर्समधून घरातली अर्धी बाटली काढली. ‘हीच अजून एक द्या.’ बाटलीच्या गळ्यावर ओघळ वाळून चिकट झाला होता आणि नेमका कंपोझिशनवर त्याचा थर. मी कापूस ओला करून पुसलं, चष्मा कपाळावर सरकवून वाचलं: ब्रोमहेक्सिन, ग्वायफेनेसिन, टर्ब्युटालिन. म्हटलं, ‘वहिनी, हे याला देऊ नका.’ त्या म्हणाल्या, ‘अहो काका, हे तर आम्ही तो चार वर्षांचा असल्यापासून देतोय!’ पोराने फोन काढून शोधलं आणि पहिलंच नाव आलं पृथ्वी शॉचं. तो इतका खूश झाला की खोकलाच विसरला.

त्याला ते नसलेलं दुसरं औषध दिलं, डॉक्टरला फोन करून.

माझी मुलगी चौदा वर्षांखालील खेळते. घरात कशावर लक्ष ठेवू?

इतक्या लहान मुलांची चाचणी क्वचित होते, पण वयाची सूट नियमात नाही. अठराखालच्या खेळाडूबरोबर घरचं मोठं माणूस थांबू शकतं, एवढंच. दुकानदार म्हणून जे रोज बघतो ते सांगतो.

पॅरासिटामॉल, सेटिरिझिन यांची काळजी नको. दम्याचा सॅल्ब्युटामॉलचा पंप ठरावीक मात्रेपर्यंत चालतो, टर्ब्युटालिनचा परवानगीशिवाय नाही. सर्दीच्या गोळीतलं स्यूडोएफेड्रिन आणि तोंडाने घ्यायची स्टेरॉइडची गोळी स्पर्धेच्या दिवसांत अडचणीत आणू शकते. दुखण्यावर दिलं जाणारं ट्रॅमाडॉल १ जानेवारी २०२४ पासून स्पर्धेत बंद झालंय. मोठ्यांच्या डब्यातली रक्तदाबाची गोळी चुकूनही नको. टेल्मिसार्टनच्या नावापुढे ‘एच’ लागला की त्यात लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायझाइड असतं आणि ते बारमाही बंद आहे. इटलीच्या सारा एरानीला तिच्या आईच्या कॅन्सरच्या गोळीने अडकवलं होतं. लेट्रोझोल घरातल्या तोर्तेलिनीत पडलं असावं, असं तिचं म्हणणं. लोक खो-खो हसले. दहा महिने बाहेर बसली, आणि २०२४ मध्ये पॅरिसला दुहेरीचं ऑलिंपिक सुवर्ण घेऊन गेली. स्वयंपाकाचा ओटा आणि औषधांचा डबा वेगळा ठेवा, इतकंच मी म्हणेन.

बंदी असलेलं औषध आजारासाठी लागतंच असेल तर आधी उपचारासाठीची सूट मागता येते. कागद डॉक्टरांकडून करून घ्यावे लागतात. नाडाचं, म्हणजे आपल्या राष्ट्रीय संस्थेचं, औषध तपासायचं ॲपही आहे. त्यात आतल्या औषधाचं नाव टाका.

आणि बिल घ्या. बॅच नंबर असलेलं. दहा रुपये कमी करून बिनबिलाचं नेणाऱ्यांना मी हे सांगून थकलो. उद्या काही निघालं तर ती बाटली कुठून आली हे सांगायला तुमच्याकडे तेवढा एकच कागद असेल.

जिममधली पावडर?

सगळ्यांत जास्त भीती मला तिचीच. डब्यावर सिंहाचं चित्र, आत काय ते देव जाणे.

आयुर्वेदिक तरी चालेल ना?

‘आयुर्वेदिक’ हा शब्द प्रयोगशाळेच्या यंत्राला वाचता येत नाही. घटक छापलेले नसतील तर नको.

होळीची भांग?

स्पर्धेच्या काळात बंद. आणि भांगेचा अंश अंगात बरेच दिवस रेंगाळतो. पुढची मॅच कधी आहे ते बघून काय ते ठरवा.

चाचणी नेमकी कशी घेतात?

माणूस समोर उभा राहतो आणि बघतो. लाजण्याची सोय नाही. किमान ९० मिलिलिटर लघवी लागते. सामन्यात घाम गाळून आलेल्याला तेवढी यायला कधी कधी दोन-दोन तास जातात. ती ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन बाटल्यांत खेळाडू स्वतः सील करतो. ‘ए’ मध्ये काही निघालं तर ‘बी’ तपासायची मागणी करता येते. नमुने दहा वर्षांपर्यंत जपून ठेवता येतात.

परतल्यावर पुन्हा चाचण्या होतात का?

होतात, इतरांसारख्याच, आणि वरच्या खेळाडूंना रोज एका तासाचा पत्ता आधी कळवून ठेवावा लागतो. त्या तासात दारावर कोणीही येऊ शकतं. बारा महिन्यांत तीनदा सापडला नाहीत की तोच गुन्हा. ब्रुक्सबी असाच अडकला. आमच्या ग्रुपमध्ये रविवारी सहाला येतो म्हणून सातला उगवणारे तिघे आहेत. महिनाभरात बंदी लागली असती.

तुम्ही स्वतः सिनरचे सामने बघता का?

बघतो. ८ जून २०२५ ला फ्रेंच ओपनची फायनल साडेपाच तास चालली, तीन चॅम्पियनशिप पॉइंट हातात असताना तो हरला, आणि मी जेवण टीव्हीसमोरच केलं. पाच आठवड्यांनी विम्बल्डन जिंकला तेव्हा टाळ्याही वाजवल्या. हालेपचा तो क्लुजचा शेवटचा सामना मात्र मी बघितला नव्हता. दुसऱ्या दिवशी पेपरात स्कोअर वाचला, ६-१, ६-१. गिऱ्हाईक उभं होतं, पान उलटलं.

औषध दाखवायला कधी येऊ?

दुकान साडेआठला उघडतं. नाव सांगू नका, फोटो पाठवू नका, बाटली घेऊन या. रिकामी असली तरी चालेल, लेबल फाटलेलं नको.